संगत की मेंदू, आणि गाव सोडल्यानं दारू सुटते का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ ३२ वर्षांचा, तासगावकडं द्राक्षबाग, आठ-नऊ वर्षं रोज संध्याकाळी दारू. व्यसनमुक्ती केंद्रात ४५ दिवस राहिला. तिथं इतका चांगला होता की नव्या रुग्णांना तोच समजावून सांगायचा. घरी आल्यावर अकराव्या दिवशी प्यायला आणि आता दोन-तीन दिवसांआड घेतो. डॉक्टर म्हणाले हा मेंदूचा आजार, वडील म्हणतात संगत वाईट. भोसरीचे मामा त्याला कंपनीत लावायला तयार आहेत. तर मेंदू की संगत, गाव बदलावं का, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं तशी जेवणातून गोळी द्यावी का?

गोळीचं आधीच सांगतो: लपवून अजिबात देऊ नका, जिवावर बेतू शकतं. कारण खाली दिलंय. भोसरीचं उत्तर मात्र हो किंवा नाही असं एका शब्दात देता येणार नाही. ते तिथं तो कुणाबरोबर राहील आणि संध्याकाळी साडेसहाला काय करत असेल, यावर ठरेल.

डॉक्टर आणि वडील यांच्यात तुम्हाला भांडण दिसतंय, पण दोघं एकच गोष्ट दोन टोकांनी सांगताहेत. आठ-नऊ वर्षं त्याच पारावर, त्याच तिघा-चौघांबरोबर, त्याच वेळी प्यायल्यावर ती संगत बाहेर राहत नाही, मेंदूत उतरते. मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं. सुरुवातीला रसाचा थेंब तोंडात पडला की डोपामीनच्या, म्हणजे मेंदूत बक्षिसाचा इशारा देणाऱ्या रसायनाच्या, पेशी चमकायच्या. रस येण्याआधी दरवेळी एक खूण दाखवू लागल्यावर काही दिवसांनी त्या खुणेलाच चमकू लागल्या, रस आल्यावर नाही. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींचं काम नेहमीपेक्षाही खाली गेलं. तुमच्या भावाला साडेसहाला जे होतं ते याच जातीचं: मोटारसायकलचा ओळखीचा आवाज, कुणाची तरी हाक, चकण्याचा वास. बाटली अजून दिसलेलीही नसते, पण मेंदूनं हिशेब मांडलेला असतो. तो हिशेब पुरा झाला नाही की चिडचिड, घाम, अस्वस्थपणा. घरच्यांना वाटतं उगाच भांडण उकरून काढतोय.

मग केंद्रात तो इतका बरा कसा होता? नाटक करत होता, असं समजू नका. क्रॉम्बॅग आणि शहाम यांनी २००२ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग तुमच्या भावाचीच गोष्ट वाटावी असा आहे. एका पिंजऱ्यात उंदरांना कळ दाबून मादक द्रव्य घ्यायला शिकवलं. मग वेगळ्या दिसण्याच्या, वेगळ्या वासाच्या दुसऱ्या पिंजऱ्यात नेलं. तिथं कळ दाबून काहीच मिळेना, तेव्हा हळूहळू त्यांनी दाबणं सोडलं. वाटलं, सुटली सवय. परत पहिल्या पिंजऱ्यात ठेवल्याबरोबर कळ दाबणं पुन्हा सुरू, आणि तेही द्रव्य मिळत नसताना. म्हणजे दुसऱ्या पिंजऱ्यात जुनी सवय पुसली गेली नव्हती. ‘इथं मिळत नाही’ एवढंच ते शिकले होते. केंद्रात माणूस बराचसा हेच शिकतो. म्हणून केंद्रातलं वागणं बघून ‘सुटली’ म्हणणं हे, नदी न बघता पोहायला येतं म्हणण्यासारखं आहे.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, जी घरच्यांना फार क्वचित सांगितली जाते. २००१ मध्ये ग्रिम आणि सहकाऱ्यांना दिसलं की कोकेन बंद केलेल्या उंदरांत खुणेमुळं उठणारी ओढ दिवसांमागून कमी होत नाही, उलट पहिल्या दोनेक महिन्यांत वाढत जाते. पुढं कित्येक महिन्यांनी ती ओसरते. माणसाच्या बाबतीत तारखा इतक्या नेमक्या मांडता येत नाहीत, पण कल तोच दिसतो. आता हिशेब करा: ४५ दिवसांनी आपण त्याला घरी आणतो, म्हणजे ओढ चढणीला असताना त्याला पहिल्या पिंजऱ्यात सोडतो. आणि घरचे म्हणतात, ‘एवढे पैसे घातले, आता तरी सुधार.’ अकराव्या दिवशी तो घसरला याचं मला नवल वाटत नाही. घरी आल्यानंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांची आखणी कुणी केली होती का, हा प्रश्न मी आधी विचारतो. बहुतेक वेळा कुणीच केलेली नसते.

संगत म्हणजे फक्त पिणारे मित्र नव्हेत. घरातली त्याची जागा हीसुद्धा संगतच. वेक फॉरेस्ट विद्यापीठात माकडांवर झालेला २००२ चा अभ्यास इथं आठवतो. एकेकटी ठेवलेली माकडं चार-चारच्या गटांत एकत्र आणली. तीन महिन्यांत गटात वरचढ ठरलेल्यांच्या मेंदूत डी-२ नावाचे डोपामीनचे ग्राहक (पेशींवरच्या, डोपामीन पकडणाऱ्या जागा) सुमारे पाचव्या हिश्शानं वाढले. दबून राहिलेल्यांत तसं झालं नाही आणि कोकेनची कळ त्यांनीच जास्त दाबली. लक्षात घ्या, एकटी असताना दोघांत हा फरक नव्हता. तो गटातल्या जागेमुळं आला. यावरून ‘भावाला घरात राजा करा’ असा अर्थ काढू नका. माकडांवरून माणसावर उडी मारायला मर्यादा आहेत, आणि पुढच्या अभ्यासांत दीर्घकाळ कोकेन मिळाल्यावर हा फरक पुसट झाल्याचंही दिसलं. पण ताट सरकवून निघून जाणं, बागेचे निर्णय त्याला न विचारता घेणं, तो बाहेरून आला की सगळ्यांनी तोंडाजवळ वास घेणं, हे दिवसाला दहादा होत असेल तर घरात तो सगळ्यात खालच्या पायरीवर असतो. पारावर मात्र त्याला मान असतो. कुठं ओढलं जाईल, सांगायला नको. त्याच्याकडं बागेतलं एक काम पूर्ण त्याच्या निर्णयानं द्या. पैशांचं नको, कामाचं. पाण्याच्या पाळ्या किंवा छाटणीच्या मजुरांची आखणी, असं काही.

माझ्या मते सगळ्यात कामाचा अभ्यास २०१८ चा, वेनिरो आणि शहाम यांचा. उंदरांना दोन कळा दिल्या: एक दाबली की मादक द्रव्य, दुसरी दाबली की दार उघडून दुसऱ्या उंदराची सोबत. व्यसन जडलेल्या उंदरांनीही जवळपास दरवेळी सोबत निवडली. शिवाय सोबत निवडून द्रव्यापासून लांब राहिलेल्यांत ती वाढत जाणारी ओढ दिसली नाही, जी सक्तीनं लांब ठेवलेल्यांत दिसते. पण एक अट होती. सोबत मिळायला उशीर लावला, किंवा सोबतीबरोबर पायाला विजेचा झटका दिला, की ते पुन्हा द्रव्याकडं वळले. हे वाचून आपल्या घरातल्या संध्याकाळी डोळ्यांसमोर आणा. ‘सहा महिने नीट राहा, मग बघू’ ही उशिरा मिळणारी सोबत. ‘बस इथं, पण आधी सांग पैसे कुठं घातले’ ही झटक्यासहित मिळणारी सोबत. पारावर दोन्ही अडचणी नाहीत.

म्हणून आम्ही कागद घेऊन बसतो आणि मागच्या पंधरा वेळचं पिणं लिहायला लावतो: किती वाजता, कुठं, कोण बरोबर, खिशात किती पैसे, त्याआधी दोन तासांत काय झालं. भावानं स्वतः लिहायचं, तुम्ही नाही. पंधरा ओळींत दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. द्राक्षवाल्यांत फवारणीचा दिवस हमखास येतो, कारण औषध मारून आल्यावर घेतली की विष उतरतं असा समज आहे. तो साफ खोटा आहे. उलट दारूमुळं चक्कर, मळमळ ही विषबाधेची लक्षणं झाकली जातात. फवारणीनंतर लगेच अंघोळ, कपडे बदलणं आणि पोटभर जेवण. भुकेल्या, थकलेल्या माणसाला ओढ जास्त लागते, म्हणून साडेसहाचं खाणं सहालाच द्या. दुसरी हमखास ओळ म्हणजे माल गेल्यावर व्यापाऱ्याचे पैसे हातात येतात तो आठवडा. त्या आठवड्यात बँकेचं काम वडिलांनी किंवा तुम्ही करायचं. पण हे त्याच्यादेखत, आधी ठरवून. परस्पर केलंत तर ते पुन्हा झटक्यासारखंच.

साडेसहा ते नऊ या वेळेला ठरलेलं काम आणि ठरलेला माणूस हवा. टीव्ही चालत नाही, तो बघता बघता माणूस उठून जातो. व्यायामशाळा, भजनी मंडळ, पोरांना क्रिकेट शिकवणं, दूध डेअरीवरचं संध्याकाळचं माप, काहीही चालेल. फक्त तिथं कुणीतरी त्याची वाट बघत असलं पाहिजे आणि तो नाही आला तर फोन करणारं असलं पाहिजे. ओढीची लाट साधारण वीस-तीस मिनिटांत उतरू लागते. तेवढा वेळ तो कुणाबरोबर आहे, हे महत्त्वाचं.

आता भोसरी. गाव बदलण्याच्या बाजूनं सगळ्यात भारी पुरावा व्हिएतनाम युद्धातला आहे. १९७१ मध्ये तिथून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. सुमारे पाचातला एक सैनिक तिथं हेरॉइन-अफूच्या पूर्ण आहारी गेला होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातल्या जेमतेम ५ टक्क्यांना पुन्हा व्यसन जडलं, तीन वर्षांत १२ टक्क्यांच्या आसपास. त्या काळी हे लोकांना खरं वाटेना. पण या आकड्यांवरून ‘चला भोसरीला’ म्हणण्याआधी फरक बघा. त्या सैनिकांचं व्यसन परक्या ठिकाणी लागलं होतं आणि ते घरी आले होते: आई-वडील, बायको, नोकरी, जुनी ओळख सगळं तिथं होतं आणि युद्धभूमी हजारो मैल मागं. तुमच्या भावाचं उलटं आहे. व्यसन घरी लागलंय आणि तो परक्या ठिकाणी निघालाय. खुणा मागं राहतील हा फायदा खरा. पण माणसंही मागं राहतील. शिवाय दारू भोसरीतही दर चार गल्ल्यांत आहे. नुसतं ठिकाण बदललेला माणूस दोन-चार महिने छान राहतो, आणि मग पहिल्या पगारांनंतर नवा पार शोधतो.

तरी मी सरसकट नको म्हणणार नाही. मामांना हे विचारा. घरात कुणी घेतं का? मामा स्वतः रविवारी ‘थोडीशी’ घेत असतील, तर विषय तिथंच थांबवा. राहणार कुठं, मामांच्या घरात की कंपनीतल्या पोरांच्या खोलीवर? खोलीवर असेल तर नको. पाळी कोणती? पहिली पाळी सुटली की दुपारी तीन-साडेतीनपासून रात्रीपर्यंत माणूस रिकामा. पहिले तीन महिने दुसरी पाळी मिळाली, तर धोक्याच्या वेळी तो मशीनवर असेल. आमच्याकडं येणाऱ्या लोकांत ही युक्ती बऱ्याचदा वापरली जाते, फक्त पाळी सुटल्यावर तो कुणाबरोबर घरी येतो ते बघायचं. पगार त्याच्या खात्यात येऊ द्या, पण कार्ड मामींकडं आणि रोजचे खर्चायचे पैसे ठरलेले, हे त्याच्या संमतीनं जायच्या आधी ठरलेलं हवं. पहिल्याच आठवड्यात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, सभेला जाणं सुरू व्हावं. पिंपरी-चिंचवड, पुण्यात या सभा भरतात, आणि पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र तर १९८६ पासून आहे. तिथं किंवा कुठल्याही केंद्रात पाठपुराव्याच्या भेटी लावून घ्या. तिथं भेटणारी माणसं ही उपदेशासाठी नसतात, संध्याकाळी सातला फोन उचलणारी नवी संगत म्हणून असतात. यातल्या तीन गोष्टी जमत असतील, तर पाठवा. एकही जमत नसेल तर गावातच साडेसहाची सोय करणं बरं.

ठिकाण बदलताना आणखी एक धोका असतो, तो गर्दच्या किंवा वेदनाशामक इंजेक्शनच्या रुग्णांत सगळ्यात मोठा. शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत दिला तेव्हा सुमारे ३२ टक्के मेले. तोच डोस अनोळखी खोलीत दिला तेव्हा ६४ टक्के. कधीच हेरॉइन न घेतलेल्यांत ९६ टक्के. नेहमीच्या जागेच्या खुणा बघून शरीर आधीच बचावाची तयारी करून ठेवतं, नव्या जागी ती तयारी नसते. दारूच्या बाबतीतही सहनशक्तीचा काही भाग जागेशी बांधलेला असतो, आणि ४५ दिवस बंद राहिल्यानं ती एरवीही उतरलेली असते. म्हणून पूर्वी एक खंबा पचवणारा माणूस आता क्वार्टरमध्ये गाडीवरून पडू शकतो. जास्त झाली आणि शुद्ध हरपत असेल, तर कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, श्वास मंद किंवा घरघरता वाटला तर थेट दवाखाना.

भोसरी असो की गाव, त्याआधी एक तपासणी. सध्या दोन-तीन दिवसांआड आहे म्हणता. ते खरंच तेवढंच आहे का बघा. सकाळी हात थरथरतात का, उलटी येते का, घोट घेतल्यावर बरं वाटतं का? तसं असेल तर ‘आजपासून बंद’ असं घरी करू नका. रोजची दारू अचानक थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके (फिट) येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, अंगात ताप भरणं असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. हे दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवायचं. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग चालेल, कुठं जायचं कळत नसेल तर १४४४६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे.

काकू म्हणतात ती गोळी बहुतेक डायसल्फिरॅम. ती दारूच्या पचनाचा एक टप्पा अडवते, त्यामुळं वर दारू प्यायली की चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं. दारू शेवटची घेतल्यावर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरूच करत नाहीत. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. आधी यकृताची तपासणी लागते, हृदयविकार असेल तर देत नाहीत. जेवणातून दिली, तर बिचाऱ्याला माहीतच नसतं की आज दारू म्हणजे विष आहे. पिणार, कोसळणार, आणि कळलं की त्यानंतर घरातलं पाणीसुद्धा पिणार नाही. विश्वास गेला की सगळं गेलं.

गंमत अशी की हीच गोळी उघडपणे घेतली, तर चांगली चालते. त्यानं स्वतः डॉक्टरांसमोर कबूल करायचं, रोज सकाळी चहाच्या वेळी घरातल्या एका ठरलेल्या माणसासमोर घ्यायची, आणि त्या माणसानं फक्त ‘बरं झालं’ म्हणायचं, बाकी चौकशी नाही. १९७० च्या दशकात अझ्रिन यांनी ही पद्धत उपचारात बसवली, ती याच विचारानं की गोळीपेक्षा तो रोजचा करार काम करतो. सकाळी एकदा निर्णय झाला की संध्याकाळी साडेसहाला पुन्हा भांडावं लागत नाही. खोकल्याची काही पातळ औषधं आणि पोटात जाणारं कुठलंही अल्कोहोल मात्र टाळायचं. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी वेगळी औषधंही आहेत. ती द्यायची की नाही, हे यकृत, मूत्रपिंड आणि सोबतची इतर औषधं बघून मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

तो पुन्हा घसरला तर? त्या रात्री काही बोलू नका, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, पोट भरलेलं असताना, कागदावर सोळावी ओळ लिहायला लावा. एक घोट आणि पुन्हा पूर्वीसारखं रोजचं पिणं यांत मोठं अंतर असतं. ते अंतर बहुतेकदा ‘आता गेलंच सगळं, मग पूर्णच पिऊ’ या विचारानं एका रात्रीत संपतं, आणि तो विचार घरातल्यांच्या तोंडून आला तर फारच लवकर.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाही पण सहा महिन्यांनी विचाराल म्हणून. भोसरीला गेला आणि नीट राहिला, तर जत्रेला गावी बोलवायचं का? ते दोन पिंजऱ्यांचं आठवा. पहिली भेट ही सगळ्यात नाजूक. पहिल्या वर्षी गोड्या नैवेद्याच्या दिवशी सकाळी बायकोला किंवा मामांना बरोबर घेऊन यावं, देवाला जावं, जेवावं आणि दुपारच्या एसटीनं परत. खाऱ्या नैवेद्याला मुक्काम नको. पारावरून जाणारा रस्ताही नको, बांधावरून आणा. लोक विचारतील ‘लगेच निघाला?’ तर सांगायला आधीच ठरवून ठेवा: दुसरी पाळी आहे.